अर्थ कुठे तुटला?

गाडीतला टेप बिघडला की आपल्याकडे दोनच उपाय सुचवले जातात. टेप बदला, नाहीतर बॅटरी बदला. कॅसेट कधीच गेली, तिच्या जागी आलेली सीडीही गेली, आता पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथचा जमाना आहे. पण आमच्या चिपळूण-खेड पट्ट्यातल्या गॅरेजांत त्या डब्याला अजून टेपच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. खरे तर टेप स्वतः क्वचितच बिघडतो. बिघडते ती त्याच्यापर्यंत वीज जाण्याची वाट, आणि त्याहून जास्त वेळा वीज परत येण्याची वाट. जाणाऱ्या वाटेवर लाल-पिवळ्या वायरी असतात, फ्यूज असतात, तिच्याकडे सगळे बघतात. परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही.

घरात एका दिव्याला दोन वायरी लागतात, हे मुलांना सहावी-सातवीत कळते. मोटारीत मात्र बऱ्याच ठिकाणी एकच वायर दिसते. दुसऱ्या वायरीचे काम गाडीचा पत्रा करतो. बॅटरीचे ऋण टोक जाड पट्ट्याने पत्र्याला बोल्टने आवळलेले असते, आणि दिवा, भोंगा, टेप, सगळ्यांची वीज त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परतते. या परतीच्या वाटेला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. इंग्रजीतला शब्द आहे, माती या अर्थाचा. पण उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या कानाला तो फार गमतीचा लागतो. गाडीखाली झोपलेला एखादा पोरगा ओरडतो, “अर्थ मिळत नाही!” आणि मला वाटते, दहावीच्या उताऱ्यावरचे प्रश्न सोडवतोय की काय.

हे सगळे मला ठाऊक असण्याचे कारण आमची गाडी. गाडी माझ्या भावाची. तो कुवेतला असतो, सुट्टीला आला की चालवतो, एरवी ती आमच्या अंगणात असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा ही गाडी तिथल्याच एका नातेवाइकाच्या दारात उभी होती. पाणी सीटपर्यंत आले. गाळ काढला, इंजिनचे काम झाले, सीटा उन्हात वाळवल्या. भावाने हौसेने बसवलेला टेप गेला होता. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र धुऊन-वाळवून चालू झाला. एका दुकानात नवा टेप बसवून घेतला आणि विषय संपला, असे आम्हाला वाटले.

पुढच्या वर्षी अम्मीचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. दवाखाना अठ्ठावीस किलोमीटरवर, सकाळी सातला बेडवर हजर राहायचे. म्हणजे फज्रची नमाज झाली की गाडी काढायची. ज्यांच्या घरात डायलिसिसचे माणूस आहे त्यांना वेगळे सांगायला नको की ही वेळ लग्नाच्या वरातीसारखी मागेपुढे करता येत नाही. आपली पाळी गेली तर त्या बेडवर दुसरा रुग्ण येतो आणि आपल्या माणसाच्या अंगात पाणी साठत राहते.

आणि गाडी सोमवारीच बंद पडू लागली. चावी फिरवली की नुसता टक् असा आवाज. बुधवारी, शुक्रवारी ती कुरकुरत का होईना सुरू व्हायची. सोमवारी शेजाऱ्यांना उठवून धक्का मारायला लावायचा, किंवा त्यांच्या गाडीला वायरी जोडून आमची सुरू करायची. एकाने बॅटरी बदलायला सांगितली, बदलली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला आल्टरनेटर गेला, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र. तिसऱ्याने फर्मावले की टेपच काढून टाका, पूर आलेल्या गाडीत गाणी कशाला. यावर अम्मी चिडली. तिचे म्हणणे असे की चार तास सुया टोचून पडायचे ते पडेन, पण जाता-येताचा तासभर माझा आहे. जाताना आकाशवाणी रत्नागिरी, येताना पेन ड्राइव्हवरच्या नातें आणि जुनी नाट्यगीते, या क्रमात बदल चालत नाही.

पहिला धागा तिच्याच पायाला लागला. ती मागे डाव्या बाजूला बसते आणि पाय पुढच्या सीटखाली सरकवते. एका बुधवारी गाडी सुरू होण्याआधीच ती म्हणाली, “इथं ऊब कसली लागते? मांजर झोपलं होतं का?” हात घालून पाहिला तर सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर कोमट. पहाटेचे सव्वापाच, गाडी सोमवार दुपारपासून बंद, आणि हा कोमट.

माझा एक जुना विद्यार्थी हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. नववीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून हातात टेस्ट लॅम्प. मी त्याच्याकडे गाडी नेली तेव्हा त्याने पाना हातात घेण्याआधी प्रश्नच विचारले. कधी बंद पडते? रोज की ठरावीक वारी? मध्ये किती तास उभी असते? पावसात जास्त होते का? बीएडला आम्हाला नैदानिक चाचणी नावाचे एक प्रकरण होते. मूल नेमके कुठे अडले ते आधी शोधा, मग उपचारात्मक अध्यापन करा. शाळाशाळांत बहुतेक वेळा निदान वगळून थेट उपचार होतात, सरसकट सगळ्यांना पाढे लिहायला लावतात. हा पोरगा निदानावर अर्धा तास घालवत होता.

आधी त्याने बॅटरीचा दाब मोजला. भरलेली बॅटरी विसावलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजला, १४.१. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर आल्टरनेटर आपले काम करतोय. म्हणजे त्यावर घातले जाणारे पैसे तिथेच वाचले. मग इंजिन बंद, चावी काढलेली, दारे लावलेली. बॅटरीच्या ऋण टोकावरचा पट्टा सोडवून पट्टा आणि टोक यांच्यामध्ये त्याने मीटर जोडला, दहा अँपिअरच्या खाचेत. आता गाडीत झोपेत जी काही वीज वाहत असेल ती मीटरमधून जाणार. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, स्टार्टरची वीज मीटर जाळते. थोडा वेळ थांबायचे, कारण हल्लीच्या गाड्यांतले छोटे संगणक लगेच झोपत नाहीत. घड्याळ, टेपची स्मरणशक्ती, लॉक यांना मिळून चांगल्या गाडीत पन्नास मिलिअँपिअरच्या आत वीज लागते. आमच्या गाडीत मीटर ४१० वर स्थिर होता.

हिशेब मी तिथेच बाकावर बसून केला. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. सोमवारी दुपारी एकला घरी आलो, बुधवारी पहाटे निघालो, म्हणजे एक्केचाळीस तास. गळती सुमारे सतरा अँपिअर-तास, अर्धी बॅटरी. कुरकुरत सुरू होणार. शुक्रवार दुपार ते सोमवार पहाट पासष्ट तास, गळती जवळजवळ सत्तावीस. सोमवारचे कोडे सुटले. बॅटरी निर्दोष होती. आधीचीही बहुधा तशीच असावी, पण ती भंगारात गेली होती.

मग एकेक फ्यूज काढून मीटरकडे बघायचे. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या गल्लीत. डॅशबोर्डखालचे सगळे फ्यूज काढून झाले, आकडा थोडाफार हलला, पण चारशेच्या जवळच राहिला. इथे कच्चा माणूस हात टेकतो. माझा विद्यार्थी बॉनेटकडे गेला, कारण अ‍ॅम्प्लिफायरची जाड वायर डॅशबोर्डच्या पेटीतून जातच नाही, ती थेट बॅटरीवरून येते आणि तिचा फ्यूज बॅटरीजवळ वेगळा असतो. तो काढला आणि आकडा वीसवर आला.

सीट सोडवली. अ‍ॅम्प्लिफायरला तीन जोड लागतात. बॅटरीची जाड वायर, अर्थची तितकीच जाड वायर, आणि टेपकडून येणारी एक बारीक निळी-पांढरी वायर. ही तिसरी म्हणजे निरोप्या. टेप चालू झाला की ती अ‍ॅम्प्लिफायरला जागे करते, बंद झाला की झोपवते. पुरात ती गालिच्याखाली कुजली होती. नवी ओढायची तर सीट, गालिचा, पट्ट्या सगळे काढावे लागते. ते टाळण्यासाठी दोन इंचाचा वायरीचा तुकडा बॅटरीच्या जोडातून थेट निरोप्याच्या जोडात खोचला होता. अ‍ॅम्प्लिफायर तेव्हापासून रात्रंदिवस जागा. माझ्या आईच्या सोमवारांवर उठलेला तो दोन इंचाचा तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्या कुजलेल्या वायरीचे टोक त्याने सोलून दाखवले. आत तांबे काळेहिरवे. आमच्याकडे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की कळकते, तसेच. तो कापत गेला, वीतभर कापले तरी आत हिरवेच. अनेक तारांची वायर दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते, त्यामुळे टोक भिजले तरी गंज आवरणाच्या आत लांबवर जातो आणि बाहेरून वायर नवीकोरी दिसते. म्हणून होड्यांमध्ये कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतात. म्हणजे वायरीला केलेली कल्हईच की. खाडीकाठच्या गाड्यांनाही तीच बरी.

गळती थांबली, पण दुसरी तक्रार उरली होती. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शीळ यायची, गाडी पळेल तशी चढत जायची. अम्मी तिला डास म्हणायची. “आज डास फार आहे” म्हणजे गाडी वेगात आहे. हा आजार मोटारीतल्या रेडिओइतकाच जुना असावा. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला, तेव्हा इंजिनच्या ठिणग्यांचा खरखराट रेडिओत शिरणे ही त्यांच्यापुढची मोठी अडचण होती. आमची शीळ ठिणग्यांची नव्हती, आल्टरनेटरची होती. इंजिनच्या वेगाबरोबर सूर बदलतो हीच तिची खूण.

अशा वेळी बाजारात ‘नॉइज फिल्टर’ नावाची डबी गळ्यात मारतात. कधी तिचा उपयोग होतोही. पण आधी फुकटचे दोन प्रयोग करावेत. मोबाइल चार्जरला लावून त्याच मोबाइलची ऑक्स वायर टेपला जोडली असेल तर चार्जर काढून बघा. शीळ गेली तर दोष चार्जर आणि ऑक्स मिळून झालेल्या वळशाचा, गाडीचा नाही. दुसरा प्रयोग, टेपचा आवाज शून्यावर आणा. शीळही बारीक होत गेली तर ती आवाजाच्या बटणाआधी शिरते आहे, म्हणजे मोबाइल किंवा पेन ड्राइव्हकडून. शून्यावरही ती तशीच राहिली तर ती बटणानंतर शिरते आहे, म्हणजे टेप ते अ‍ॅम्प्लिफायर या टप्प्यात. आमची तशीच राहिली.

आता अर्थ. त्याने टेप मोठ्याने चालू ठेवला, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे लांब वायरीने अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ-जोडाला लावले. दोन्ही म्हणायला एकच जागा, मध्ये फक्त पत्रा. आकडा शून्याजवळ हवा, फार तर ०.१. मीटरने १.३ दाखवले. टेप बंद केला तर शून्य. हे पाहणे फार महत्त्वाचे. काहीही चालू नसताना मोजले तर एका तारेवर लोंबकळणारा जोडही मीटरला धडधाकट दिसतो. ओझे उचलायला लावले की कळते.

अर्थची वायर सीटच्या खाली रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने बसवली होती. रंग वीज जाऊ देत नाही, स्क्रूच्या आट्यांतून जेवढी जाईल तेवढी, आणि पुरानंतर आटेही गंजलेले. परतीची वाट अरुंद झाली की वीज दुसरी वाट शोधते. इथे तिला टेपकडून आवाज आणणाऱ्या केबलची बाहेरची जाळी सापडली. ज्या वाटेने गाणे यायचे त्याच वाटेने इंजिनचा परतीचा कचरा वाहू लागला, तोच डास. त्याने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीला नवे थिंबल दाबून बसवले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावले. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी होता, पण त्याला त्याने हात लावला नाही, जीव वाचवणारा बोल्ट त्या कामाचाच ठेवायचा. पुन्हा मोजले, ०.०४. ॲक्सिलरेटर दाबला. शीळ नाही.

निळी-पांढरी वायर नवी ओढली, जोडांना डाग दिला आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायरी उन्हात डॅशबोर्ड तापला की सुटतात, टेपचा गोंद पाघळतो.

मागच्या खुर्चीवर बसून मी त्याची वही चाळत होतो. प्रत्येक गाडीचे एक पान. लिपी उर्दू, शब्द तिन्ही भाषांचे. पिवळी म्हणजे बॅटरी, कायमची. लाल म्हणजे चावीची. काळीपुढे लिहिले होते ‘जमीन’. बाहेरून घेतलेल्या बहुतेक टेपांच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पांढरी-राखाडी पुढचे डावे-उजवे स्पीकर, हिरवी-जांभळी मागचे. पिवळीला कायमची वीज मिळाली नाही तर टेप दर वेळी घड्याळ आणि स्टेशने विसरतो, लाल कायमच्या विजेवर गेली तर चावी काढूनही टेप चालू राहतो. गाडीच्या मूळ वायरींचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे, तिथे मीटरशिवाय विश्वास ठेवायचा नाही. आणि पिवळ्या वेष्टणातल्या ज्या जोडण्या स्टिअरिंगकडे जातात त्या एअरबॅगच्या, तिकडे टेस्ट लॅम्प नेऊसुद्धा नये.

फ्यूजबद्दल तो कडक आहे. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. दहाचा जळला की विसाचा घालणारे आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लोक त्याच्या शेडमध्ये रोज येतात. फ्यूज टेपला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते, गालिच्याखाली, कुणाला दिसत नाही.

इतके सगळे येणाऱ्या या मुलाला शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने प्रमाणपत्र नाही म्हणून परत पाठवले. आयटीआयच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना दहावी हवी. आता त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. गणिताची त्याला भीती नाही, मराठीची आहे. रविवारी दुपारी मी शेडमध्ये जातो, तो एका गाडीचे काम मराठीत लिहून दाखवतो, देवनागरीत. आमच्या गाडीबद्दल त्याने आठ ओळी लिहिल्या. त्यातली एक अशी: “अर्थ मिळत नव्हता म्हणून आवाज येत होता.” व्याकरणात खोट नाही. लाल पेन मी खिशातच ठेवले. आपल्या वस्तीतल्या अशा मुलांना आपण ‘गॅरेजवाला पोरगा’ एवढेच म्हणतो, आणि शाळेतही त्यांचे नाव गळतीच्या रकान्यात एकदा गेले की पुन्हा कुणी काढत नाही. चारशे दहा मिलिअँपिअरची गळती शोधायला मात्र आपल्याला तोच लागतो.

गाडी त्यानंतर एकाही सोमवारी अडली नाही. एक काम राहिले आहे. मागचे डावे दार उघडले की त्या दारातला स्पीकर बंद पडतो, लावले की सुरू. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर वाकून वाकून तुटलेली असते, हा जुना आजार. त्याने स्पीकर काढून दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलची टोके त्याला टेकवली, टक् आवाज आला, म्हणजे स्पीकर जिवंत आहे. दोन हात वायर ओढावी लागेल, दाराचे अस्तर काढून, अर्ध्या दिवसाचे काम. अम्मी म्हणते घाई नको, पोराची परीक्षा होऊ दे. दवाखान्याच्या पायरीशी ती दार उघडते तेव्हा तिच्या बाजूचे गाणे थांबते, आणि ती उतरते.